कळत नाही तोवरचे दिवस

काठावरचा

वाईट बातमी आली की माणूस कामाला लागतो. फोन होतात, कागदपत्रं शोधली जातात, रडून घेतलं जातं, कुणीतरी शेजारी येऊन बसतं. मला बोलायचंय ते त्याच्या आधीच्या काळाबद्दल. बातमी येणार की नाही, आली तर कधी, आपलं नाव त्यात असेल का, यातलं काहीच माहीत नसतं त्या काळाबद्दल.

आमचा विभाग बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली आणि प्रत्यक्ष निर्णय यायला बरेच महिने गेले. तेवढ्या काळात मी काय केलं? मेलबॉक्स उघडला. काही नाही, बंद केला. परत उघडला. साहेब कुणाला आत बोलावतात, दार लोटून घेतात की उघडं ठेवतात, यावरून अंदाज बांधले. नेहमी सकाळी येणारी मेल दुपारी का आली, यावर जेवणाच्या सुट्टीत गंभीर खल केला. काम धड होत नव्हतं, आराम तर नाहीच. घरी कुणी पुढच्या महिन्याबद्दल काही विचारलं की मी अंगावर जायचो.

शेवटी यादी आली, त्यात नाव होतं. त्या रात्री मी कधी नव्हे तो गाढ झोपलो. बायकोला काळजी वाटली की याला धक्का बसलाय. धक्का कसला, सुटका होती.

पुढे दुसरं काम मिळालं, तो भाग सोडून देऊ. माझा प्रश्न मधल्या काळाचा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा नेमकं काय धरून राहिलात? आणि त्यातून काही अर्थबिर्थ लागला का, की तेही नंतर आपण रचतो? 'सकारात्मक राहा' हा सल्ला कृपया नको. तो मला पुरेसा मिळाला आहे.

रिकामटेकडा

मेल दुपारी का आली यावर खल! हे आमच्याकडेही झालंय. आमच्या एका सहकाऱ्याने तर वरच्या साहेबांच्या गाडीच्या येण्या-जाण्याच्या वेळांची नोंद ठेवली होती. वाचतोय, सावकाश लिहितो.

अनवट

तुमची त्या रात्रीची झोप अपवाद नाही. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ४५ जणांना एक संगणकावरचा खेळ खेळायला दिला होता. पडद्यावर दगड. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, इजा न करणारा पण चांगलाच झोंबणारा. साप निघण्याची शक्यता ते सतत बदलत राहायचे. लोकांना येणारा घाम, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार आणि त्यांचं स्वतःचं सांगणं, तिन्हींवरून ताण मोजला.

सर्वांत जास्त ताण कधी, तर शक्यता अर्धी-अर्धी असताना. झटका बसणारच हे पक्कं माहीत असताना लोक त्यापेक्षा शांत होते.

त्यातली मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. अनिश्चितता वाढली की ज्यांचा ताण तेवढाच वर जायचा आणि ती कमी झाली की खाली यायचा, ते लोक साप ओळखण्यात सरस ठरले. म्हणजे ताण येणं हा दुबळेपणा नाही, शरीर हिशेब करत असतं. पंचेचाळीसच माणसं आणि प्रयोगशाळेतले झटके, त्यामुळे यावरून आख्ख्या आयुष्याचं गणित मांडू नये. पण 'मला एवढं का होतंय' म्हणून स्वतःला लावून घेणाऱ्याला यातून थोडा दिलासा मिळावा.

जुनी_वही

काठावरचा, तुमची यादी एकदाची लागली तरी. माझी लागणार नाही, म्हणून लिहितेय.

आईला स्मृतिभ्रंश आहे. निदान होऊन बरीच वर्षं झाली. ती घरात आहे, समोर बसलेली आहे, आणि बहुतेक वेळा नाही. मधेच एखाद्या दुपारी पूर्वीच्याच आवाजात 'केस का कापलेस गं' असं विचारते आणि मला वाटतं, आली परत. पुढच्या क्षणी मला 'ताई' म्हणते आणि घरी कधी जायचं विचारते. सुरुवातीला माझं निम्मं बळ या येण्या-जाण्यातच संपायचं. गेली म्हणून रडावं तर ती समोर आहे. आहे म्हणावं तर कुणाशी बोलू?

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक आहेत. त्यांनी सत्तरच्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. देह मिळालेला नाही, त्यामुळे अंत्यविधी नाही, आणि वाट बघणंही सुटत नाही. या कुटुंबांचं दुःख नेहमीच्या शोकासारखं पुढे सरकतच नाही, अडकून पडतं, हे त्यांनी दाखवलं. पुढे त्यांनी त्यात दुसरा प्रकारही धरला: माणूस देहाने आहे पण मनाने नाही, म्हणजे आमच्यासारखी घरं. त्यांचं म्हणणं मला पटलं ते असं की अशा दुःखाचा शेवट शोधत बसू नये, कारण तो तिथे नसतोच. दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे म्हणायला शिकावं. आई आहे आणि आई नाही. मी थकलेय आणि मला हे करायचंय.

'आणि' म्हणता यायला लागल्यापासून मी कमी भांडते. भावाशी तर बरंच कमी. तो परगावी असतो, फोनवर विचारतो, 'आज कशी आहे?' पूर्वी या प्रश्नाने माझं डोकं फिरायचं. आता मी त्याला दिवस सांगते: सकाळी ओळखलं, दुपारी नाही, आंघोळीला नाही म्हणाली, मी सोडून दिलं. संपला विषय.

अनवट

जुनी_वही, मोठा नमस्कार. आंघोळीला नाही म्हणाली, मी सोडून दिलं, यामागे किती काय असेल हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

स्पष्टवक्ता

सगळ्यांच्या भावना समजतात, पण एक रोखठोक मुद्दा. अनिश्चित काळात तग धरायला सर्वांत आधी लागतात पैसे. ज्याच्याकडे वर्षभर पुरतील एवढी शिल्लक आहे तो अर्थ शोधतो, ज्याच्याकडे महिन्याभराचे आहेत तो काम शोधतो. मनाची ताकद, आतला आवाज वगैरे बोलून आपण एक प्रकारे पडलेल्या माणसालाच सांगतो की तू पडलास कारण तू आतून कच्चा होतास. मला ही सगळी चिवटपणाची भाषा संशयास्पद वाटते. मालकाला ती फार सोयीची असते: माणसं कमी करा आणि उरलेल्यांना ताण कसा सोसावा याचं शिबिर द्या.

रिकामटेकडा

शिबिर आम्हालाही दिलं होतं. श्वास कसा घ्यावा ते शिकवलं. बारा जणांची नावं यादीत गेल्यावर.

अर्धविराम

स्पष्टवक्तांशी बराचसा सहमत. शिबिराबद्दल तर पूर्ण. पण पैसा हे उत्तर अर्धंच आहे, आणि हे माझं मत नाही, याला एक जुना, चांगला दाखला आहे.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या जवळ मारिएनथाल नावाचं गिरणीचं गाव होतं. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळपास आख्खं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तिथे जाऊन अभ्यास केला, तो १९३३ मध्ये छापून आला. पैशाची ओढाताण होतीच, त्यांनी ती तपशीलवार नोंदवली. पण चक्रावून टाकणाऱ्या नोंदी दुसऱ्याच आहेत. लोकांकडे आता वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. मंडळं ओस पडली. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजला, तर पुरुष हळू चालत आणि सारखे थांबत. बायका तुलनेने भरभर चालत, कारण घरकाम बेकार झालेलं नव्हतं. पुरुषांना दिवसभरात काय केलं ते लिहायला सांगितलं, तर बऱ्याच तासांचा हिशेबच लागेना.

याहोदांनी पुढे मांडलं की कामातून पगाराखेरीज आणखी बरंच काही मिळत असतं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, चारचौघांत ओळख, हात चालता राहणं, आणि आपल्याहून मोठ्या कशात तरी आपला वाटा आहे ही जाणीव. ते सगळं एकदम जातं. मला वाटतं ज्याला आपण 'अर्थ' म्हणतो तो बराचसा याच सामानाचा बनलेला असतो. तो ध्यानाला बसून सापडत नाही असं मी म्हणणार नाही, पण बहुतेकांना तो साडेनऊला कुठेतरी पोचायचं असतं म्हणून सापडतो.

स्वतःचा अनुभव: माझा धंदा बसला तेव्हा मी सगळ्यात आधी एका ओळखीच्या वृद्ध गृहस्थांकडे रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायला जायला लागलो. त्यांची नजर गेली होती. परोपकार वगैरे नव्हता, मला कुठेतरी वेळेवर जायचं होतं. दहा मिनिटं उशीर झाला की ते रागवायचे. त्या काळात माझ्या उशिराने फरक पडणारा जगात तो एकच माणूस होता. अग्रलेख आवडला नाही की मलाच झापायचे, जणू मी लिहिलाय.

जुनी_वही

हे फार आवडलं. रागवायला कुणीतरी हवं.

स्पष्टवक्ता

अर्धविराम, मारिएनथालबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. पण बघा, तिथेही सिद्ध हेच होतं की गिरणी चालू राहायला हवी होती. वाचनालय ओस पडलं यावर उपाय वाचनाची गोडी लावणं हा नाही.

अर्धविराम

अगदी मान्य. गिरणी चालू राहावी म्हणून भांडायचंच. पण भांडणाचा निकाल लागेपर्यंतचे दिवसही जगायचे असतात, धागा त्याबद्दल आहे. आणि हळू चालणारी माणसं भांडायलाही उठत नाहीत, हेही त्याच अभ्यासात दिसलं. राजकीय काम सुद्धा थंडावलं होतं.

रिकामटेकडा

आता माझी पाळी. मला अशा वेळी एलिफंट बेट आठवतं.

ब्रिटिश शोधप्रवासी शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेचं 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात अडकून चिरडलं गेलं आणि २१ नोव्हेंबर १९१५ ला बुडालं. २८ माणसं बर्फावर. महिनोन्महिने बर्फावर काढून, मग होड्यांतून ती एलिफंट बेटावर पोचली. तिथून शॅकल्टन पाच जणांना घेऊन एका छोट्या होडीतून मदत आणायला निघाला, हजारावर किलोमीटरचा उघडा समुद्र ओलांडून. हा भाग सगळ्यांना माहीत असतो, शौर्याचा आहे. मला रस आहे मागे राहिलेल्या २२ जणांत.

त्यांना काय माहीत होतं? काहीच नाही. होडी बुडाली असेल तर कुणी येणार नाही, कारण ते इथे आहेत हे इतर कुणाला ठाऊकच नाही. दोन होड्या उलट्या घालून केलेल्या खोपटात, दाटीवाटीने, काजळीने काळे झालेले. त्यांचा प्रमुख होता फ्रँक वाइल्ड. समुद्र मोकळा दिसला की सकाळी तो सगळ्यांना पथाऱ्या गुंडाळून सामान बांधायला लावायचा, आज बॉस, म्हणजे शॅकल्टन, येईल म्हणून. बॉस यायचा नाही. पुढच्या वेळी परत गुंडाळा. ३० ऑगस्ट १९१६ ला, चार महिने उलटून गेल्यावर, जहाज आलं आणि बावीसच्या बावीस जिवंत निघाले.

आणि बॅन्जो! जहाज सोडताना प्रत्येकाला जवळजवळ सगळं टाकून द्यायला लावलं, तरी हसी नावाच्या हवामानतज्ज्ञाचा बॅन्जो शॅकल्टनने मुद्दाम बरोबर घ्यायला लावला. बेटावर शनिवारी गाण्याचा कार्यक्रम व्हायचा. त्याला मोजकीच गाणी यायची म्हणतात, बाकीच्यांनी ती किती वेळा सोसली असतील देव जाणे.

मला यात आशेपेक्षा पथारी महत्त्वाची वाटते. वाइल्डने 'तो नक्की येणार' यावर व्याख्यान दिलं नाही. आज आला तर आपण तयार असू, एवढीच व्यवस्था लावली. आला नाही तरी पथाऱ्या आवरलेल्या राहायच्या.

अनवट

वा, बॅन्जोवाला मुद्दा झकास.

अवांतर वाटेल, पण जोडूनच आहे. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते, ज्यांतून 'माणूस लाचारी शिकतो' ही प्रसिद्ध कल्पना आली. सुटका नसलेला त्रास पुन्हा पुन्हा झाला की प्राणी पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न करत नाही. पाठ्यपुस्तकांत हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. गंमत म्हणजे २०१६ मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की मूळ कल्पना उलटी होती. लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं हा मेंदूचा मूळचा प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की आपल्या करण्याने काही बदलतं.

काठावरचा सारखा मेलबॉक्स उघडत होते, तेही करणंच होतं, पण त्याने काहीच बदलत नव्हतं. पथारीने बदलतं, इवलंसं. वर्तमानपत्राने बदलतं.

शिंपला

बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहिते. मला अर्थ लागला नाही.

आजारपण आलं, उपचार झाले, सध्या ठीक आहे. दर काही महिन्यांनी तपासणी असते आणि तिच्या आधीचा आठवडा मी कामाची नसते. लोक फार अपेक्षेने विचारतात की यातून काय शिकलीस, आयुष्याकडे बघण्याची दृष्टी बदलली का. नाही बदलली. मी पूर्वीसारखीच आळशी आहे, क्षुल्लक गोष्टींवरून चिडते, मालिका बघते. मला तर क्षुल्लक गोष्टींवरून चिडता येतंय याचाच आनंद आहे. आजारपणाने मला शहाणं केलं असं म्हटलं की ते आजारपण जणू उपकार करून गेलं असं होतं. ते श्रेय मी त्याला देणार नाही.

उपयोग कशाचा झाला ते सांगते. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात एक मैत्रीण रोज रात्री फोन करते आणि रिपोर्टबद्दल चकार शब्द काढत नाही. ऑफिसमधल्या कुणाकुणाची उणीदुणी काढतो आम्ही. आठवडाभर पुरेल एवढा ऐवज ती जपून ठेवते बहुधा.

जुनी_वही

शिंपला, श्रेय न देणं, हे वाचून बरं वाटलं. मलाही सगळे सांगतात की आईची सेवा करून तू किती सोशिक झालीस. मी सोशिक नाही, मला दुसरा मार्ग नाही.

तुमच्या मैत्रिणीसारखं माणूस असणं किती मोठी गोष्ट आहे याला तर आकडेच आहेत. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. सुमारे एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, व्यसनं, आजार अशा एकाहून जास्त संकटांत वाढलेली. त्यांतलीही जवळजवळ एक तृतीयांश नीट, समर्थ, मायाळू माणसं झाली. त्या मुलांच्या आयुष्यात बहुधा भरवशाचं एक तरी मोठं माणूस होतं. आईबापच असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. आणि बऱ्याच जणांवर लहानपणी काहीतरी खरी जबाबदारी होती, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासारखी. पौगंडावस्थेत भरकटलेल्यांपैकीही पुष्कळजण तिशी-चाळिशीत सावरलेले दिसले, हे मला जास्त धीर देतं.

स्पष्टवक्ता

आणि दोन तृतीयांश? त्यांना माणूस का मिळालं नाही, हाही प्रश्न विचारायला हवा ना.

जुनी_वही

हवाच. म्हणून तर 'मनाने खंबीर हो' याऐवजी 'कुणाचं तरी माणूस हो' असं म्हणावंसं वाटतं. ते निदान आपल्या हातात आहे.

काठावरचा

सगळ्यांचे आभार. पथारीचं वाचून थोडा हललो, कारण माझ्याकडे त्या काळात पथारी नव्हती, फक्त क्षितिजाकडे बघणं होतं.

शिंपला, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं मिळालं. त्या महिन्यांतून मला अर्थ मिळाला असं मी मधे मधे लोकांना सांगायचो, ऐकायला बरं वाटतं म्हणून. आता सांगणार नाही.

आता एक व्यावहारिक प्रश्न उरला. पुन्हा अशी वेळ आली तर मुलांना किती सांगायचं? धाकटी नऊची आहे. मागच्या खेपेला आम्ही काहीच सांगितलं नाही आणि तिला सगळं कळत होतं. तिने एकदा बायकोला विचारलं की बाबा माझ्यावर रागावलाय का.

शिंपला

माझा मुलगा तेव्हा तेवढाच होता. आम्हाला उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं ते करतो अजून. तीन गोष्टी सांगायच्या: आत्ता काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि पुढचं कधी कळणार. तिसरी सर्वांत महत्त्वाची. 'आईची तपासणी आहे. रिपोर्ट कसा येईल ते डॉक्टरांनाही माहीत नाही. गुरुवारी कळेल.' गुरुवारपर्यंत तो खेळायला मोकळा. लहान मुलाला अंत नसलेलं वाट बघणं जमत नाही. मला तरी कुठे जमतं? आणि एक: तुझ्यामुळे हे झालेलं नाही, हे न विचारता सांगायचं. तुमच्या मुलीचा प्रश्न तोच होता.

अर्धविराम

आणि गुरुवारी कळलं नाही तर?

शिंपला

झालंय तसं, दोनदा. गुरुवारी संध्याकाळी आपणहून सांगायचं की अजून कळलं नाही, आता सोमवार म्हणतायत. त्याने विचारायची वाट बघायची नाही. पहिल्यांदा तो चिडला, म्हणाला डॉक्टर खोटं बोलतात. मी म्हटलं, खोटं नाही, उशीर करतात, आणि मलाही राग आलाय. मग आम्ही दोघांनी मिळून प्रयोगशाळेला भरपूर नावं ठेवली.

काठावरचा

हे घेतो. बायकोलाही वाचायला देतोय.